विहिरीतली तिरकी भेग आणि दीड फूट उतरलेला लाल थर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मोहोळ तालुक्यात तुमच्या शेतात नवी विहीर पाडणं चालू आहे. रुंदी (व्यास) 30 फूट, खोली आतापर्यंत 32 फूट. वरच्या 4 फुटांतल्या काळ्या मातीत चकचकीत, रेघा उमटलेल्या कपच्या निघाल्या. त्याखाली 12 फुटांपर्यंत मुरूम, मग काळा कातळ, 26 फुटांवर विटेसारखा लाल थर आणि त्याखाली मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा मऊसर खडक. उत्तरेकडच्या भिंतीत साधारण 9 फुटांवर एक भेग सुरू होते आणि दक्षिणेकडे तिरकी उतरत जाते. भेगेत चार बोटं रुंदीचा पिवळट चिकट गाळ आणि पांढरी खनिजं आहेत. भेगेच्या उत्तरेला लाल थर 26 फुटांवर आणि दक्षिणेला साडेसत्तावीस फुटांवर आहे. गावात ‘ही भूकंपाची शिर आहे, थेट किल्लारीपर्यंत जाते’ असं बोललं जातंय. तुमच्या आईंनी 1993 चा किल्लारीचा भूकंप पाहिलेला असल्यामुळे विहिरीशेजारी घर बांधायला त्यांचा जीव धजत नाही. आणि तुम्ही विचारलंय, प्रस्तरभंग म्हणजे नेमकं काय, तो होतो कसा, आणि हा तोच आहे का.

सोलापूर, बार्शी, मोहोळ, माढा या पट्ट्यात मी तीसेक वर्षं विहिरी आणि बोअरसाठी खडक पाहत आलो आहे. बाकी सगळं सांगण्याआधी एक काम आजच करा. उत्तरेच्या काठावर कोणाला उभं राहू देऊ नका. क्रेनचा पाय त्या बाजूला असेल तर हलवा, आणि वर काढलेल्या मुरमाचा ढीग तिथे असेल तर तो उचला. तुमच्या मापांवरून दिसतंय की त्या काठाचा वरचा 9 फुटांचा भाग तिरक्या भेगेवर नुसता टेकलेला आहे. खालून आधार तुम्ही खोदून काढलाय, भेगेत चिकट माती आहे, आणि पाऊस पडला की पाणी तिथेच मुरणार. बार्शी तालुक्यात अशाच एका विहिरीत रात्रीच्या पावसानंतर उत्तरेचाच काठ अख्खा खाली बसला होता. सकाळी माणसं उतरायची होती त्याच जागी ट्रॉलीभर दगड पडले होते. ते दृश्य आठवलं की अजून अंगावर काटा येतो. तो काठ आधी उतरता कापून घ्या, मगच माणसं आत सोडा.

आता मूळ प्रश्न. खडकाला तडा गेला म्हणजे प्रस्तरभंग झाला, असं नाही. आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळात, भेगांना तोटा नाही. लाव्हा थंड होताना आकसला, त्यातून उभ्या भेगा पडल्या. त्यांना सांधे म्हणतात. जिथे खडक फाटलाय पण दोन्ही बाजू जागच्या जागी आहेत तो सांधा, आणि जिथे दोन्ही बाजू एकमेकींना घासून सरकल्या आहेत तो प्रस्तरभंग. विश्वकोशात याला विभंग म्हटलंय, गोष्ट एकच. म्हणून भेग किती रुंद आहे, किती भीतीदायक दिसते, याला अर्थ नाही. पूर्वी सलग असलेली एखादी खूण आता तुटून वरखाली किंवा आजूबाजूला गेली आहे का, एवढंच पाहायचं. तुमच्याकडे ती खूण आहे: लाल थर. म्हणून तुमचा प्रश्न मला मोलाचा वाटला. बहुतेक लोक नुसता भेगेचा फोटो पाठवतात.

तरी घाई नको. हा लाल थर म्हणजे एक लाव्हा वाहून गेल्यावर त्याच्या माथ्यावर साचलेली, पिकलेली माती. तिच्यावर पुढचा लाव्हा आला आणि ती भाजल्यासारखी लाल झाली. पण लाव्ह्याचा माथा काही फरशीसारखा सपाट नव्हता. त्याला उंचवटे होते, खळगे होते. त्यामुळे लाल थर मुळातच कुठे वर, कुठे खाली असू शकतो. फरक कसा ओळखायचा? विहिरीच्या कठड्यावर एक सपाट दोरी बांधा, तिथून टेप सोडून दर 5-6 फुटांवर लाल थराची खोली घ्या. थर हळूहळू उतरत गेला असेल तर तो जुना खळगा. भेगेपाशीच एकदम दीड फुटाने तुटला असेल, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या अशा दोन्ही भिंतींत तेवढाच तुटला असेल, आणि थराची वरची व खालची दोन्ही पातळी सारख्याच मापाने उतरली असेल, तर तो सरकलेला आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. भेगेतला गाळही त्याच बाजूने साक्ष देतो.

काळ्या मातीतल्या चकचकीत कपच्यांचा मात्र याच्याशी काही संबंध नाही. ही चूक शिकलेली माणसंही करतात, म्हणून सविस्तर सांगतो. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यात पडते, आणि पावसात माती फुगली की तिला जागा पुरत नाही. मग मातीचे ढेकळ खालच्या खाली एकमेकांवर तिरके रेटले जातात, घासतात आणि गुळगुळीत होतात. त्यावर रेघाही उमटतात. तत्त्व तेच, दाब आला, पृष्ठं घासली, पण हा वर्षावर्षाला मातीच्या पोटात चालणारा खेळ आहे. भूकंपाशी त्याचा काडीचा संबंध नाही. घरांच्या भिंतींना दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून जाणारे तिरके तडे मोहोळ-मंगळवेढ्याकडे दिसतात, त्यांचं कारणही बहुतेक वेळा हीच माती.

खडकातली चकाकी वेगळी. भेगेतला गाळ ओल्या फडक्याने पुसून खालचा कातळ पाहा. घासलेला असेल तर तो पॉलिश केल्यासारखा लागेल आणि त्यावर समांतर ओरखडे असतील. ओरखडे ज्या दिशेने, सरकणं त्या दिशेने. पांढरं खनिज, कॅल्साइट किंवा झिओलाइट, तंतूंसारखं पसरलेलं असेल तर त्यावर बारीक पायऱ्या सापडतात. तळहात वरून खाली आणि खालून वर फिरवून बघा. ज्या दिशेने हात मऊ जातो, त्या दिशेने समोरचा, म्हणजे आता खोदून काढलेला, ठोकळा गेला. ही खूण शंभर टक्के भरवशाची नाही, पण लाल थराच्या साक्षीला जोडून घेतली तर उपयोगी पडते.

आता हा प्रस्तरभंग होतो कसा. खडक आपल्याला निर्जीव आणि ताठ वाटतो, पण जमिनीखाली तो सतत दाबात असतो. 5 किलोमीटर खोलीवर नुसत्या वरच्या खडकाचं वजन प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 13,000 टन पडतं. हा दाब सगळीकडून सारखा असेल तर खडक मोडत नाही. एका दिशेचा दाब दुसरीपेक्षा बराच वाढला की मोडतो. तोही एका फटक्यात नाही. आधी खनिजांच्या कणांत केसाएवढे बारीक तडे जातात, ते वाढतात, शेजारच्या तड्यांना जाऊन मिळतात, तिरक्या तड्यांची एक रांग तयार होते. मग त्या रांगेतले मधले दगडी पूल तुटतात आणि एक सलग पृष्ठ तयार होतं, ज्यावर दोन बाजू सरकू शकतात. 1967 च्या कोयना भूकंपात दोनाचीवाडा परिसरात जमिनीवर अशाच तिरकस भेगांची एकाआड एक रांग उमटली होती. खाली खोल सलग सरकण होती, वर मात्र तिचे तुकडे तुकडे पोहोचले.

सरकण कोणत्या बाजूला, हे दाबाच्या दिशेवर ठरतं. जमीन आडवी ताणली जात असेल तर तिरक्या भेगेवरचा ठोकळा खाली घसरतो. भेग साधारण 60 अंशांची, उभट असते. तुमच्या विहिरीत भेग दक्षिणेला उतरते, दक्षिणेचा ठोकळा भेगेच्या वर आहे आणि तोच दीड फूट खाली गेलाय, म्हणजे तो या जातीचा. जमीन दाबली जात असेल तर उलट होतं. वरचा ठोकळा भेगेवरून वर चढतो, आणि भेग बहुधा त्याहून आडवी असते. किल्लारीचा भूकंप या दुसऱ्या जातीचा होता. तिसऱ्या जातीत भेग जवळजवळ उभी असते आणि दोन बाजू आडव्या, एकमेकींच्या शेजारून सरकतात. कोयना त्या जातीत मोडतो. म्हणजे मराठी माणसाने अनुभवलेले दोन मोठे भूकंपसुद्धा एका जातीचे नव्हते. तुमच्या विहिरीतली भेग ‘किल्लारीची शाखा’ असेल तर ती किल्लारीच्या उलट दिशेने सरकलेली शाखा म्हणावी लागेल. सोलापूर शहरापासून किल्लारी सरळ रेषेत 80-एक किलोमीटर आहे, आणि तिथली जमिनीवर दिसलेली फाट तर गावाच्या पश्चिमेला शेतांतून थोड्याच अंतरात, तीही तुटक तुटक होती.

भूकंप का होतो हे समजायला घरी एक प्रयोग करा. विटेला सायकलची जुनी ट्यूब बांधा आणि खरबरीत ओट्यावरून ट्यूबने वीट हळूहळू ओढा. ट्यूब ताणत जाते, वीट हलत नाही, हलत नाही, आणि मग एकदम खर्रकन पुढे येते. पुन्हा ओढलं की पुन्हा तसंच. ट्यूब म्हणजे प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंचा लवचीक खडक. तो वर्षानुवर्षं वाकतो, ताण साठवतो. भेगेवरचं घर्षण कमी पडलं की झटक्यात सुटतो. 1906 च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात शेतांची कुंपणं तुटून कित्येक फूट बाजूला गेली होती. त्या मोजण्यांवरून हॅरी रीड या अभ्यासकाने 1910 मध्ये हा नियम मांडला.

पण विटेच्या प्रयोगात एक गोष्ट चुकीची दिसते. अख्खी वीट एकाच क्षणी हलते, प्रस्तरभंग तसा हलत नाही. त्यासाठी सोलापुरी चादर घ्या. जमिनीवर पसरलेली जड चादर एका टोकाने ओढून सरकवणं अवघड. पण एका कडेला सुरकुती करून ती हाताने पुढे ढकलत नेली तर चादर सहज सरकते, कारण एका वेळी फक्त सुरकुतीपुरताच भाग जमिनीवरून सुटतो. प्रस्तरभंगही असाच. एका जागी सुटतो, आणि ती सुटण्याची कड सेकंदाला 2 ते 3 किलोमीटर वेगाने पुढे धावते. जिथवर धावली तिथवर भूकंप मोठा. 6 च्या आसपासच्या भूकंपात ती साधारण 10 किलोमीटर धावते आणि खडक अर्धा-एक मीटर सरकतो. 2004 च्या सुमात्रा भूकंपात ती 1,200 किलोमीटरहून लांब धावली होती.

इथेच तुमच्या भेगेचा हिशोब लागतो. प्रस्तरभंगाची लांबी आणि एकूण सरकण यांचं ढोबळ प्रमाण असतं. दीड फूट, म्हणजे अर्धा मीटर, सरकलेला लहान प्रस्तरभंग साधारणपणे पन्नासेक मीटर ते काहीशे मीटर लांब असतो. टोकांकडे सरकण कमी होत जाते आणि शून्यावर येते. तुमच्या शेताच्या बाहेर, फार तर शेजारच्या दोन-तीन रानांपर्यंत जाईल. एवढ्याशा पृष्ठावर घरं पाडणारा भूकंप बसत नाही. ताण साठवायला जागाच नाही. शिवाय भेगेत खनिजं भरून बसली आहेत, याचा अर्थ ती सरकल्यावर बराच काळ तिच्यातून पाणी झिरपत राहिलं आणि खनिजं शांतपणे वाढली. लाव्ह्याचे थर 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपासचे आहेत. ही सरकण त्यानंतरच्या त्या अफाट काळात केव्हातरीची. तुमच्या आईंना हे माझ्या वतीने नक्की सांगा.

मग सोलापूर जिल्ह्याला भूकंपाचा धोका नाही का? आहे, पण तो विहिरीत दिसत नाही. आपला काळा कातळ म्हणजे जुन्या, तडकलेल्या भिंतीवर दिलेला गिलावा आहे. किल्लारीला भूकंपानंतर 617 मीटर खोल बोअर घेतलं, त्यात बेसाल्ट 338 मीटरवर संपला आणि खाली प्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक लागला. वयाने अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. कोयनेकडे हा गिलावा 900 मीटरहून जाड आहे. त्या खालच्या खडकाने पर्वत उभे राहताना आणि झिजताना पाहिले आहेत, आणि त्यात लांबलचक जुने प्रस्तरभंग आहेत. गुरुत्वाकर्षणाच्या मोजण्यांवरून 1973 मध्ये दोन अभ्यासकांनी कुर्डुवाडीच्या बाजूला लाव्ह्याखाली गाडलेली खचदरी, म्हणजे प्रस्तरभंगांच्या मधला खचलेला लांबट पट्टा, असावी असं मांडलं होतं. त्यावर आजही एकमत नाही, पण कुर्डुवाडीची ती वायव्य-आग्नेय रेषा भूशास्त्रज्ञांच्या नकाशांवर कायम आली आहे.

हे जुने प्रस्तरभंग पुन्हा का हलतात? भारताचा भूखंड वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे जातोय आणि हिमालयापाशी अडतोय. तो रेटा हिमालयापुरता राहत नाही, अख्ख्या द्वीपकल्पात मुरतो. नवीन खडक फोडायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा जुनी, गाळाने भरलेली भेग हलवायला कमी लागतो. त्या भेगेत पाणी दाबाने शिरलं की घर्षण आणखी कमी होतं, कारण पाणी दोन बाजूंना एकमेकींपासून किंचित उचलून धरतं. कोयनेत 1962 पासून जलाशय भरायला लागल्यावर धक्के वाढले, त्यामागे हेच गणित आहे. म्हणून किल्लारीसारख्या, पूर्वी देशाच्या नकाशात सर्वांत सुरक्षित विभागात रंगवलेल्या जागी 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी 6.2 चा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. मी तेव्हा सोलापुरात होतो, भांडी पडल्याच्या आवाजाने जागा झालो. दिवस वर आला तसे इथल्या दवाखान्यांत जखमी यायला लागले. सुमारे 10,000 माणसं गेली. 2002 च्या भूकंप मानकात तो ‘सर्वांत सुरक्षित’ विभागच काढून टाकला गेला आणि सोलापूर तिसऱ्या विभागात आलं.

माणसं भेगेने मारली नाहीत. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाची टनभर माती, यांनी मारली. म्हणून तुमच्या घराबाबत माझं म्हणणं असं: भेग टाळण्यासाठी जागा बदलू नका, पण विहिरीच्या खोलीइतकं तरी अंतर ठेवा, कारण कडा ढासळू शकतात. पाया काळ्या मातीवर टेकवू नका, ती 4 फूटच आहे, खाली मुरमात न्या. जोत्यावर, दारांच्या वर आणि छताखाली सगळ्या भिंतींना बांधून घेणारा सलग काँक्रीटचा पट्टा घाला, कोपऱ्यांत उभी सळई घाला. गवंडी म्हणेल एवढ्याशा घराला कशाला. ऐकू नका.

आणि पाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण वडिलांच्या मनात तेच असणार. प्रस्तरभंग ही एक रेषा नसते, तो पट्टा असतो. मध्ये गाभा, म्हणजे दळून निघालेला खडक, तुमचा तो चार बोटं पिवळा गाळ. त्यात मोठे तुकडे राहिले असतील तर चुरा, पीठ झालं असेल तर चिकणमाती. गाभ्याच्या दोन्ही अंगांना फुटलेल्या, भेगाळलेल्या खडकाचा पट्टा असतो, गाभ्यापासून दूर जाल तशा भेगा विरळ होतात. गाभा पाणी अडवतो, दोन्ही बाजूंचे पट्टे पाणी वाहून नेतात. त्यामुळे अशा विहिरीत बहुधा एकाच अंगाने झरा फुटतो आणि दुसरं अंग कोरडं राहतं. लोक त्याला नशीब म्हणतात. आडवे बोअर घ्यायचे झाले तर भेगेच्या रेषेत घेऊ नका, तिला छेदतील असे उत्तर-दक्षिण घ्या, म्हणजे एकाच बोअरमध्ये जास्तीत जास्त उघड्या भेगा सापडतील आणि गाभ्यापलीकडे अडलेलं पाणीही मिळेल. बोअर लाल थरात घेऊ नका, तो ओला होऊन ढासळतो. त्याखालच्या मांजऱ्यात घ्या.

एक विनंती. दगडी बांधकाम चढवलं की या भिंती कायमच्या झाकल्या जातील. त्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, प्रत्येकात टेप दिसेल असं धरा. भेग किती अंशांत उतरते ते मोबाइलमधल्या उतारमापकाने सपाट फळी लावून मोजा. तुमच्या भिंतीत भेग 9 फुटांवर सुरू होते आणि 26 फुटांवर उत्तरेच्या भिंतीपासून किती आत आहे, तेवढा आकडा मला हवा आहे. 10 फुटांच्या जवळपास आला तर उतार 60 अंशांचा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सोलापूर कार्यालयात हे फोटो आणि मापं देऊन ठेवा. सोलापूर जिल्ह्यात बेसाल्टमधली मापासहित नोंदलेली अशी सरकण फार क्वचित हाती लागते, आणि तुमची विहीर बांधून झाली की ती पुन्हा कोणाला दिसणार नाही.